पोटावरचा जुना वण

माझ्या बेंबीच्या वर, उजवीकडे, एक आडवा वण आहे. मी वाढलो तसा तोही ताणत गेला. १९८३ साली सोलापुरात, मी दीड महिन्याचा असताना, पाजलेलं दूध कारंज्यासारखं बाहेर फेकायचो. जठराचं खालचं तोंड आवळलं होतं. पायलोरिक स्टेनोसिस. ऑपरेशन झालं, वाचलो. आई अजून सांगते, "परत हातात दिलं तेव्हा रडून रडून तुझा आवाज बसला होता रे."

घरात माझी ओळख 'नाजूक' अशीच. गेल्या वर्षी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. शेजारच्या कॉटवरचे काका दुसऱ्या दिवशी चहा प्यायला व्हरांड्यात गेले; मी चादर मुठीत आवळून पडलेलो. "एवढ्याशा टाक्यांना एवढं?" सिस्टर म्हणाल्या. ते फार लागलं.

संध्याकाळी भूलतज्ज्ञ डॉक्टरबाई आल्या. वणावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा कधीचा?" मग खुर्ची ओढून बसल्या आणि सांगू लागल्या. तान्ह्यांना वेदना कळत नाहीत, असं तेव्हा बरेच डॉक्टर धरून चालायचे. १९८५ मध्ये अमेरिकेत जेफ्री लॉसन या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन नुसतं स्नायू ढिले करणारं औषध देऊन केलं होतं. हलता येत नव्हतं, कळत मात्र होतं. त्याच्या आईने हे जगासमोर आणलं. १९८७ साली डॉ. आनंद यांच्या अभ्यासात दिसलं, की नीट वेदनाशामक दिलेली बाळं ऑपरेशन अधिक चांगलं सोसतात.

उंदरांच्या पिल्लाच्या पंजाला जन्मानंतर तिसऱ्या दिवशी छेद दिला, तर मोठेपणी तिथेच झालेली जखम त्याला जास्त आणि जास्त दिवस दुखते. मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी जणू तयारीतच बसलेल्या असतात. पहिल्या छेदाच्या वेळी नस बधिर केली, तर हा परिणाम बराच टळतो. माणसांत मात्र चित्र सरळ नाही: जुन्या वणाजवळ ऊन-गार उलट कमीच कळतं. माझंही तसंच, शेकाची पिशवी तिथे कोमट वाटते.

मला तेव्हा भूल दिली होती का, आईला कुणी सांगितलं नाही. माझं दुखणं त्यातूनच आलं असंही म्हणवत नाही. पण बाईंनी औषधाचा डोस बदलला आणि त्या रात्री मी झोपलो.

परवा भाचीची दीड महिन्याची लस होती. मी ताईला म्हटलं, पदराखाली घे, पाजत राहा, मग सुई टोचू देत. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. नर्सताईंनी लगेच हो म्हटलं. मांडीत सुई गेली, भाची एकदा किंचाळली आणि पुन्हा प्यायला लागली.