चटई सरकवण्याचे दिवस

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकच्या घरात एखादं माणूस सापडत नसेल तर हाका मारत बसू नये. ऊन कुठे आलंय ते बघावं. माणूस तिथेच असतं.

आमच्या घरात ऊन सकाळी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओट्यावर येतं. तेव्हा चहाचा कप घेऊन सगळे ओट्याला खेटून उभे, आणि पोळ्या लाटायला जागा नाही म्हणून मी चिडलेली. दहाच्या सुमारास ते गॅलरीत उतरतं आणि दुपारी हॉलमध्ये शिरून थेट टीव्हीखालच्या कपाटापर्यंत पोचतं. त्याच्या मागोमाग चटई, पेपर, लसणाची परडी, मुलाची वह्यापुस्तकं आणि सासूबाई असा सगळा लवाजमा सरकत राहतो. जेवणाचं टेबल या दिवसांत रिकामंच असतं. ते सावलीत आहे, त्याला कोण विचारतो!

मे महिन्यात हीच गॅलरी उन्हाचं नाव घेत नाही. नाशिक जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली आपल्याच पायाखाली जाते. दक्षिणेच्या गॅलरीत तेव्हा बोटभरही ऊन उतरत नाही. २२ डिसेंबरला मात्र सूर्य इतका दक्षिणेला झुकलेला असतो की, ऐन दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४६-४७ अंशांवर असतो. म्हणून ऊन तिरपं होऊन घरात लांबवर घुसतं. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा ‘दक्षिणेकडे तोंड आहे, घेऊ नका’ असं सांगणारे पुष्कळ भेटले होते. त्यातले बरेचसे आता जानेवारीत आमच्याकडे येतात आणि गॅलरीत खुर्ची मागतात.

उन्हात पहिला मान माणसांचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आधी खोबरेल तेलाची बाटली. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गेलं की थिजतं, आणि नाशिकच्या डिसेंबरात ते दुपारचे काही तास सोडले तर बाटलीत पांढरंशुभ्र होऊन बसलेलं असतं. ज्याला केस विंचरायचे असतात तो आदल्या दिवशीच बाटली उन्हाच्या वाटेवर ठेवतो आणि दुसराच कोणीतरी ती पळवतो. मग दह्याचं पातेलं. थंडीत विरजण लागता लागत नाही. सासूबाई रात्री पातेलं शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवतात. तेवढ्यानेही भागलं नाही, तर सकाळी ते शालीसकट उन्हात येतं. नंतर गाद्या, रजया आणि डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर. निवडून धुतलेले तीळ जुन्या धोतरावर पसरलेले असतात, त्यांच्यावरून कोणी ओलांडून गेलं की सासूबाई ओरडतात. या सगळ्यातून जी जागा उरेल ती माणसांची.

आणि तिथे बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एरवी घरात बाईमाणूस नुसतं बसलेलं दिसलं की, ‘काय गं, बरं नाही का?’ हा प्रश्न ठरलेला. मुलगा बसला तर, ‘अभ्यास नाही का?’ नवरा बसला तर त्याच्या हातात कुठलं तरी बिल दिलं जातं. उन्हात बसलेल्याला मात्र सगळं माफ. आमच्या सासूबाई शिस्तीला कडक, पण दुपारी बाराला भिंतीला पाठ लावून डोळे मिटलेल्या नातवाकडे बघून त्या नुसतं म्हणतात, ‘पाय घे जरा अलीकडे, तिळांवर सावली पडतेय.’

अगदीच अवघडल्यासारखं वाटत असेल तर समोर मटार ओतून घ्यावेत. मटार सोलण्यासारखं काम नाही. ते काम आहे असं दिसतं, हात चालू राहतात आणि तोंडही दोन्ही अर्थांनी चालू राहतं. हरभऱ्याच्या टहाळाचं तेच. दोन जुड्या आणल्या तर भाजीला वाटीभर सोलाणे उरले तरी नशीब. मटार मात्र शेंगा मोजून दिल्यासारखे सासूबाई लक्ष ठेवून असतात, कारण त्यांना त्यांची उसळ करायची असते.

सुटीचं म्हणाल तर आमच्याकडे तिची वाटणी फार विषम आहे. मराठी शाळेत शिकवणाऱ्या माझ्या जावेला नाताळची एका दिवसाची सुटी; माझ्या मुलाच्या शाळेला आठवडाभर. मुंबईहून नणंद आणि भाची येतात. मुंबईकरांची थंडीची तयारी बघण्यासारखी असते. भाचीने यंदा कानटोपी, हातमोजे आणि डोंगरावर चढायला लागेल असलं जाड जाकीट आणलं होतं. दुपारी बारा वाजता ते सगळं काढून ती चटईवर आडवी झाली आणि म्हणाली, ‘मामी, हे काय? आता तर गरम होतंय!’ तिला समजावलं, इथली थंडी अशीच. पहाटे दात वाजतात आणि दुपारी उन्हाला डोक्यावर ओढणी घ्यावी लागते. मधले दोन तास जे काही असतं, त्यासाठी हे शहर वर्षभर थांबलेलं असतं.

याच आठवड्यात पुण्यामुंबईच्या गाड्यांनी गंगापूर रोडच्या पुढचा सगळा रस्ता भरून जातो. कोणी द्राक्षबागा बघायला, कोणी वाइन चाखायला, कोणी चुलीवरच्या मिसळीला रांग लावायला. त्यांचं त्यांना लखलाभ. पण बाहेरची मंडळी ज्या हवेसाठी शेकडो किलोमीटर येतात ती आपल्याला घरबसल्या चटईवर मिळते, याची थोडी गुर्मी आम्हा नाशिककरांना असते, हे नाकारून उपयोग नाही. ‘सुटीत कुठे गेला होतात?’ असं ऑफिसात कोणी विचारलं की नवरा शांतपणे सांगतो, ‘गॅलरीत.’

गुर्मीचं दुसरं ठिकाण म्हणजे पेपरातला आकडा. सकाळी पेपर आला की आधी तापमान वाचायचं. नाशिक ८ आणि निफाड ५ असं काही छापून आलं की आमचा दिवस सार्थकी लागतो. जणू तो पारा आम्हीच रात्री जागून खाली उतरवलाय. निफाडचा आकडा येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचं नाव नसेल तर इथल्या माणसाला चुकल्यासारखं होतं.

या आकड्यावरून फोनवर मी एकदाच फुशारकी मारली, ती पिंपळगावकडच्या मामांपाशी. ‘मस्त थंडी पडलीय ना मामा!’ ते म्हणाले, ‘हो, पडलीय,’ आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. त्यांची द्राक्षबाग आहे. पारा असा उतरला की मण्यांची फुगवण थांबते. ज्या मण्यांत साखर भरायला लागलेली असते त्यांना पहाटेच्या गारठ्याने तडे जातात, आणि तडा गेलेला मणी निर्यातीच्या पेटीत जात नाही. मग रात्री तीन-चारला उठून बांधांवर शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेत पसरू द्यायचा, ठिबक सुरू करायचं. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं, त्याने मुळांपाशी थोडी ऊब राहते. वीज असली तर. मामांनाही सकाळी उन्हात बसायला आवडतं, पण ते रात्रभराच्या जागरणानंतर. आमच्याकडे आले की ते चटईवर सरळ झोपतात आणि सासूबाई त्यांच्या अंगावर उन्हातच शाल घालतात. एरवी कोणावर घालत नाहीत.

नाताळच्या सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून ताट येतं. शरणपूरच्या चर्चमधून परतल्या की त्या आधी आमच्याकडे येतात. त्यांच्या ताटात केक असतोच, पण आमचं सगळं लक्ष करंज्यांकडे. दिवाळीत आमच्या करंज्या खुळखुळतात, त्यांच्या नाताळच्या करंज्या मात्र सारणाने गच्च भरलेल्या. सासूबाई दर वर्षी एक करंजी फोडून आत बघतात आणि काही न बोलता खातात. ताट रिकामं परत पाठवायचं नसतं, म्हणून त्यात डिंकाचे लाडू जातात. काकूंच्या घरातल्या नातवंडांना डिंकाचे लाडू आवडत नाहीत हे मला माहीत आहे आणि काकूंनाही मला ते माहीत आहे हे माहीत आहे. लाडू जातातच.

दोन-तीन वर्षांपूर्वी समोर टॉवर उभा राहायला लागला आणि गॅलरीतलं हे सगळं अडचणीत आलं. सूर्य ४६-४७ अंशांवर असताना कुठल्याही इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी पडते, आणि ती ऐन दुपारची. सकाळी तर ती कितीतरी लांब. दर स्लॅबबरोबर आमचं ऊन थोडं थोडं उशिरा येऊ लागलं. दहाचं अकरा झालं, अकराचं साडेअकरा. ‘कायदेशीर आहे का हो हे?’ असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा घरातला कोणी हसला नाही. उन्हाचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो. असता तर आमच्या मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांनी एकदिलाने भांडण काढलं असतं.

भांडण्याऐवजी आम्ही गच्चीवर गेलो. म्हणजे सासूबाई गेल्या. गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे. सोलरचे पाइप मुलं तुडवतात म्हणून ती कोणाला द्यायची नाही असा ठराव आहे. सासूबाई किल्ली मागायला गेल्या त्या तिळांची परात हातात घेऊनच. ‘एवढे तीळ वाळवायचे आहेत, संक्रांत तोंडावर आली.’ तिळासाठी आलेल्या बाईला नाही म्हणणारा सेक्रेटरी अजून जन्मायचाय. पहिल्या दिवशी त्या एकट्याच होत्या. आठवड्यात तिथे पाच चटया झाल्या.

लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघत उभी राहणारी माणसं गच्चीवर बसली की बोलतात, हे मला तिथे कळलं. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त काका पत्रिका बघतात. दुसऱ्या मजल्यावरची सून स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन टाकीच्या आडोशाला बसते, तिला कोणी हाक मारायची नाही. सोलरवर सकाळी सातला सगळी इमारत तुटून पडते. आम्ही चटईवाले दुपारी एकला खाली जाऊन कढत पाण्याने अंघोळ करतो. दुपारी एकला अंघोळ ही चैन सुटीशिवाय शक्य नाही, आणि आमच्या आईला हे कळलं तर ती माहेरहून फोन करून बोलेल.

थर्टी फर्स्टची पार्टी गच्चीवर करायची कल्पना पाचव्या मजल्यावरच्या वहिनींची. त्यांचं घर मूळचं जळगावकडचं. सिडको, सातपूर, अंबड, जिकडे जाल तिकडे कारखान्यांच्या नोकरीसाठी आलेली खानदेशी कुटुंबं, त्यामुळे नाशिकच्या हिवाळ्यात भरीत हे आता नाशिकचंच झालंय. वहिनींनी दिराकडून खास हिरवी मोठी वांगी मागवली. ती पऱ्हाट्यांवर भाजायची असतात असं त्यांनी ठामपणे सांगितलं. पऱ्हाट्या म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या. नाशिकच्या फ्लॅटमध्ये त्या आणायच्या कुठून? त्याही दिराने पाठवल्या, गोणीत भरून. गच्चीवर जाळ करायला सेक्रेटरींनी आधी ठाम नकार दिला, मग विटा कुठे मांडायच्या ते सांगितलं, मग स्वतःच फुंकणी घेऊन बसले. वांगी काळी ठिक्कर होईपर्यंत भाजली, सोलली, आणि लाकडाच्या बडगीत हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचली. वरून शेंगदाणे, पातीचा कांदा, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी. रात्री बारापर्यंत थांबायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. वर्ष दुपारी तीनलाच संपलं आणि सगळे उन्हात पेंगले.

संध्याकाळचं सांगण्यासारखं फार नाही. सहाच्या आत ऊन गेलं की दारं-खिडक्या लावायच्या आणि आठाच्या आत हुलग्याचे शेंगोळे गरम गरम ओरपून रजईत शिरायचं.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो असं आपण म्हणतो. होतो हे खरंच, पण सकाळी त्याचा काही उपयोग नसतो. दिवस मोठा व्हायला डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतरच सुरुवात झालेली असते, आणि तो आधी संध्याकाळच्या बाजूने वाढतो. नाशिकमध्ये वर्षातला सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावरच असतो, सव्वासातच्या जरासा आधी. म्हणजे भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकरीला तीळ लावायला उठावं तर बाहेर काळोख. त्याच सुमारास निवृत्तिनाथांच्या पौषातल्या यात्रेला निघालेल्या दिंड्या त्र्यंबक रोडने जायला लागतात. कानाला उपरणं गुंडाळलेली माणसं अंधारात टाळ वाजवत चाललेली असतात आणि वाटेत कोणी ना कोणी चहाचं पातेलं घेऊन उभं असतं.

संक्रांतीला गच्ची मुलांच्या ताब्यात जाते. चटया गुंडाळून कोपऱ्यात, पतंग टाकीवर, आणि नायलॉनचा मांजा कोणाकडे आहे का ते तपासत सेक्रेटरी सगळ्यांच्या फिरक्या हाताळत हिंडतात. दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात आले.

‘काकू, संक्रांत झाली. किल्ली?’

‘झाली ना. पण गहू धुवून ठेवलेत, ते वाळवायचेत.’

‘बरं, मग महिनाअखेरीस द्या.’

‘महिनाअखेरीस कशी देऊ? फेब्रुवारीत हळद यायची, मग पापड, मग कुरडया. तू असं कर भाऊ, तुझ्यासाठी एक दुसरी करून घे.’