तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं एक्स-रेच्या लायनीत का येतात?

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातले पालक हमखास विचारतात, "रेडिओग्राफीकडे मुलं वळतात तरी कशाला? आमच्या मुलीला घालू का?"

खरं सांगतो, बरीच मुलं येतात ती 'नीट'चे मार्क कमी पडले म्हणून. शिकून झालं की नोकरी लवकर मिळेल, जमलं तर चिपळूण-कणकवलीतच, हे दुसरं कारण. यात कमीपणा काहीच नाही. पण टिकतात ती मुलं, ज्यांना चांगला फोटो काढायची गोडी लागते.

छातीचा साधा एक्स-रे घ्या. पेशंट स्टँडला छाती टेकून उभा, एक्स-रे सोडणारी ट्यूब मागे सहा फुटांवर, हनुवटी वर, खांदे पुढे ढकललेले. खांदे पुढे आले नाहीत तर खवाटे फुप्फुसांवर दिसतात. मग "श्वास भरून घ्या, धरून ठेवा". म्हाताऱ्या आजींना ते नीट समजलं नाही आणि श्वास अर्धाच भरला, तर हृदय उगाच मोठं दिसतं, फुप्फुसाचा खालचा भाग पांढरट येतो आणि नसलेल्या न्यूमोनियाची शंका निघते. म्हणून बटण दाबण्याआधी आजींकडून एकदा श्वासाची तालीम करून घ्यायची. हे सुचणारी मुलगी या कामात रमते.

कोकणात तर शिकायला भरपूर. आंबे काढताना झाडावरून टाचांवर पडलेला गडी टाचेचंच दुखणं सांगतो. त्याला कमरेचंही विचारावं आणि डॉक्टरांच्या कानावर घालावं, कारण त्याच दणक्यात मणका दबलेला असू शकतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर घसरून तळहातावर पडलेल्याचं अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर मनगटाच्या नेहमीच्या दोन फोटोंवर भागत नाही. हात करंगळीकडे वळवून स्कॅफॉइडचा, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मनगटातल्या छोट्या हाडाचा, वेगळा फोटो लागतो. तिथली चीर पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. दुखणं राहिलं तर डॉक्टर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो सांगतात.

मुलींच्या आयांना भीती असते रेडिएशनची. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाईवर येते, शिवाय एक्स्पोजर देताना टेक्निशियन शिशाच्या आडोशामागे असतो. पेशंटजवळ थांबावंच लागलं तर शिशाचा अ‍ॅप्रन, आणि छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती रेडिएशन आलं ते मोजणारा बिल्ला. कर्मचाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट (रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक) आहे. नियम पाळणाऱ्याचा आकडा त्याच्या खूप खाली राहतो. दिवस राहिले तर मात्र लगेच कळवायचं, लपवायचं नाही. बॅज घरी विसरणं किंवा एक्स-रेच्या खोलीत खुंटीला टांगून जाणं ही खरी चूक, कारण मग आकड्याला अर्थच उरत नाही.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात एवढं विचारा: कोर्स कुठल्या विद्यापीठाचा, आणि मुलांना रोजचे पेशंट कुठल्या हॉस्पिटलात मिळतात? दुसऱ्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर फी भरू नका.