तुम्ही विचारलेत म्हणून : लग्नाआधी नैसर्गिक कुटुंबनियोजन कमी खर्चात कसे शिकावे?

साखरपुडा झालेली जोडपी आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा पैशांचा असतो. हॉल, मंडप, बँड आणि जेवणावळ यांचे आगाऊ पैसे देऊन हात रिकामा झालेला असतो, परदेशी अभ्यासक्रमांची फी डॉलरमध्ये पाहून मन धास्तावलेले असते आणि त्यातच विवाहपूर्व शिबिरात फादरांनी सांगितलेले असते की ख्रिस्तसभेला (चर्चला) मान्य असलेली नैसर्गिक पद्धत लग्नाआधीच शिकून घ्या. मग दोघे विचारतात, ‘हे आम्हाला परवडेल का?’ मी व माझे पती वसईतील आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अशा जोडप्यांशी या विषयावर बोलत असतो, म्हणून उत्तर एकदा सविस्तर लिहिते.

परवडते, आणि अगदी बेताच्या मिळकतीतही परवडते. मदर तेरेसा यांनी डिसेंबर १९७९ मध्ये ओस्लो येथे नोबेल पुरस्कार स्वीकारल्यानंतरच्या भाषणात सांगितले होते की त्यांच्या सिस्टर्स कोलकात्यातील भिकाऱ्यांना, कुष्ठरुग्णांना आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांना नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकवतात. ज्यांच्याजवळ काहीही नव्हते त्यांनी ते शिकून घेतले. वही, पेन आणि शिकवणारी जाणती व्यक्ती यांपलीकडे त्याला फारसे काही लागत नाही. लागतो तो वेळ, आणि तो साखरपुड्यापासून लग्नापर्यंतच्या महिन्यांत तुमच्याजवळ असतो.

या पद्धतीचे मूळ साधे आहे. पाळीच्या प्रत्येक चक्रात एकदा स्त्रीबीज बाहेर पडते आणि ते जेमतेम १२ ते २४ तास जगते. शुक्राणू मात्र अनुकूल स्राव असल्यास स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, म्हणून गर्भ राहण्याचे दिवस चक्रात मोजकेच असतात. मूल नको असेल तेव्हा तेवढ्या दिवसांत संबंध टाळायचे. हे दिवस ओळखण्याची खूण शरीरच देते. पाळीनंतर काही दिवस कोरडे जातात, मग चिकट स्राव दिसू लागतो आणि पुढे तो निसरडा, पारदर्शक व ताणला जाणारा होतो. निसरडेपणाचा शेवटचा दिवस हा ‘परमोच्च दिवस’ धरतात. तो ओळखू येतो तो दुसऱ्या दिवशी, निसरडेपणा ओसरल्यावर, आणि त्यानंतरचे आणखी तीन दिवसही संयम पाळावा लागतो. मेलबर्नचे डॉक्टर दांपत्य जॉन व एव्हलिन बिलिंग्ज यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत केवळ या निरीक्षणावर उभी आहे. दुसऱ्या पद्धतीत त्याच्या जोडीला शरीराचे तापमान मोजतात. बीज बाहेर पडल्यानंतर तापमान सेल्सिअसच्या अंशाचे दोन-तीन दशांश वर चढते आणि पुढची पाळी येईपर्यंत तसेच राहते. त्यासाठी दशांशाची दोन स्थळे दाखवणारा थर्मामीटर घ्यावा आणि सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच तापमान मोजावे.

आमच्याकडच्या अनेक मुली नर्स आहेत, काही जणी पहाटेची लोकल पकडून चर्चगेटला जातात. रात्रपाळी करणाऱ्या मुलीचे सकाळचे तापमान भरवशाचे नसते, तेव्हा तिने केवळ स्रावाचे निरीक्षण करणारी पद्धत निवडावी. तिच्यासाठी ती अधिक योग्य आहे आणि थर्मामीटरचा खर्चही वाचतो. परदेशात संप्रेरके (हार्मोन्स) मोजणारी यंत्रे वापरणारी पद्धतही शिकवतात. ती वाईट नव्हे, पण तिच्या चाचणीपट्ट्या पुन्हा पुन्हा विकत घ्याव्या लागतात, म्हणून नव्याने संसार मांडणाऱ्यांना मी ती सुचवत नाही. मोबाइलमधील ॲपबद्दल माझे मत अधिक कठोर आहे. जे ॲप मागच्या पाळ्यांच्या तारखांवरून पुढचे दिवस वर्तवते ते जुनी कॅलेंडर पद्धतच नव्या वेष्टनात देते, आणि पाळी पुढेमागे झाली की फसते. नोंदी ठेवण्यापुरते ते वापरावे. निर्णय त्याच्यावर सोपवू नये.

पैसे खर्च करायचेच असतील तर शिकवणाऱ्या व्यक्तीसाठी करा. धर्मप्रांताच्या कुटुंबविषयक विभागात किंवा आपल्या धर्मगुरूंकडे चौकशी केल्यास प्रशिक्षित शिक्षिकेचा पत्ता लागू शकतो, आणि देणगी किती अपेक्षित आहे हे निःसंकोच विचारावे. शिक्षिका आपल्या बोलीत बोलणारी असेल तर फारच उत्तम, कारण या खुणांबद्दल इंग्रजीत संकोचून बोलणारी मुलगी घरच्या भाषेत चटकन नेमके सांगते. एकदा माहिती ऐकून भागत नाही. लागोपाठच्या काही चक्रांतील रोजच्या नोंदींचे तक्ते शिक्षिकेने पाहणे आवश्यक असते.

वाग्दत्त जोडप्यांना एक लाभ असा आहे की जो विवाहितांना सहजी मिळत नाही. संबंधानंतर वीर्यामुळे स्राव नीट ओळखता येत नाही, म्हणून नव्याने शिकणाऱ्या विवाहितांना सुरुवातीला काही आठवडे संयम पाळायला सांगतात. लग्नापर्यंत ब्रह्मचर्य पाळणाऱ्या जोडप्याचा तक्ता मुळातच स्वच्छ असतो. म्हणून मी आग्रहाने सांगते की लग्नाला किमान तीन-चार महिने असतानाच सुरुवात करावी. शेवटच्या महिन्यातील धावपळ, जागरणे आणि ताण यांमुळे बीज बाहेर पडणे लांबू शकते. आधीचे तक्ते हाताशी असले की तो बदल पाहून घाबरायला होत नाही.

ही पद्धत किती खात्रीची आहे हेही स्पष्ट सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत बिलिंग्ज पद्धतीची पाहणी केली, आणि आपल्याकडचे केंद्र बंगळूर होते. नियम काटेकोर पाळले असता वर्षभरात शंभरात सुमारे ३ स्त्रियांना गर्भ राहिला, पण नियम मोडणाऱ्यांसह सर्वांचा हिशेब केला तेव्हा ही संख्या २० च्या वर गेली. तापमान व स्राव दोन्ही पाहणाऱ्या ९०० स्त्रियांचा जर्मन अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्व मिळून हे प्रमाण २ च्या आतच राहिले. नीट शिकणे आणि दोघांनी मिळून नियम पाळणे यांवर सारे अवलंबून आहे, हे या आकड्यांवरून दिसते.

म्हणूनच मुलाने शिकवणीला आलेच पाहिजे. पोप सहावे पॉल, ज्यांना पाहायला १९६४ साली वसईची कितीतरी माणसे मुंबईच्या ओव्हल मैदानावर गेली होती, त्यांनी १९६८ च्या ‘हुमाने वीते’ या परिपत्रकात गंभीर कारण असल्यास मुलांमध्ये अंतर ठेवण्यासाठी या नैसर्गिक काळाचा आधार घेण्यास मान्यता दिली, आणि त्यासाठी लागणारा संयम पती व पत्नी दोघांचाही मानला. आमच्या घरी तक्ता माझे पती भरतात. मी फक्त निरीक्षण सांगते. सासू-सासरे, दीर-जावा यांच्यासह दोन खोल्यांत राहणार असाल तर वही कोठे ठेवायची आणि या विषयावर कधी बोलायचे हेही आताच ठरवा.

पाळी फार अनियमित असेल, पीसीओएसचे (पाळी अनियमित करणाऱ्या संप्रेरकांच्या विकाराचे) निदान झालेले असेल किंवा पाळी नियमित करण्यासाठी गोळ्या चालू असतील तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि शिक्षिकेलाही ते सांगा. गोळ्या चालू असताना शरीराच्या खऱ्या खुणा तक्त्यावर उमटत नाहीत. अन्यथा पुढच्या पाळीची वाट पाहण्याची गरज नाही. आज रात्री झोपण्यापूर्वी तारीख लिहा, दिवसभर कोरडे वाटले की ओले, काही दिसले का, एवढे एका ओळीत नोंदवा आणि ती वही घेऊन शिक्षिकेकडे जा.