क्योतोच्या डोंगरातला दगड, वस्तऱ्याच्या शेवटच्या धारेसाठी

क्योतो स्टेशनवरून ताकाओकडे जाणारी जेआर बस पाऊण-एक तासात शहर मागे टाकते आणि उंच सरळसोट झाडांच्या दरीत शिरते. नोव्हेंबरात लोक इथे मेपलची लाल पानं बघायला येतात. माझ्या पिशवीत मात्र आठ हजार नंबरच्या (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक) दगडापर्यंत घासून आणलेला वस्तरा, एक भिंग आणि सुती रुमाल एवढंच होतं. वस्तऱ्याला शेवटचा हात देण्यासाठी ज्या नैसर्गिक दगडाचं नाव जगभर घेतात, तो याच पट्ट्यातला. उमेगाहाता आणि नारुताकीच्या बाजूला नाकायामा, ओकुदो, ओझुकु, शोबुदानी या जुन्या खाणी. डोंगराच्या पलीकडे कामेओकाच्या बाजूला ओहिरा, शिन्देन वगैरे. इथले व्यापारी पूर्वेकडच्या मालाला हिगाशीमोनो आणि पश्चिमेकडच्या मालाला निशिमोनो म्हणतात. पूर्वेचा दगड बहुधा कडक, पश्चिमेचा त्या मानाने मऊ. हा ढोबळ हिशोब आहे, एकेक दगड तो मोडत असतो. नाकायामासारख्या नावाजलेल्या खाणी कित्येक दशकांपूर्वीच बंद झाल्या, त्यामुळे बाजारात फिरतो तो बराचसा जुना साठा.

वस्तरा सोबत न्यायचा तर विमानात तो चेक-इन सामानातच जातो. शिवाय जपानमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पातं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. म्हणून कापडात घट्ट गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवा, मुक्कामावरून थेट दुकानात न्या आणि तसाच परत आणा.

दुकानाआधी कामेओकाला जा, असं मी आग्रहाने सांगेन. क्योतोहून सागानो लाइनच्या गाडीने अर्ध्या तासाच्या आत कामेओका येतं. तिथे नैसर्गिक निसण्यांचं एक संग्रहालय आहे, तेनेन तोइशिकान. वेगवेगळ्या खाणींचे आणि थरांचे दगड एकाच ठिकाणी बघता येतात आणि धार लावूनही पाहता येते. ‘कडक’ आणि ‘बारीक’ हे दोन वेगळे गुण आहेत, हे एकदा हाताला कळलं की पुढची फसगत टळते. कडक पण भरड दगड असतो, तसा मऊ पण अतिशय बारीकही. सुऱ्या आणि रंध्याच्या पात्यांना थोडा मऊ, पटकन गंध, म्हणजे घासताना सुटणारा दगडाचा लगदा, सोडणारा दगड बरा. वस्तऱ्याला कडक आणि बारीक दोन्ही लागतं.

हा दगड म्हणजे खोल समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ. वाऱ्याने आलेली धूळ आणि सूक्ष्म जीवांची सिलिकायुक्त कवचं हजार वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर, अशा गतीने साचत गेली. त्यामुळे दगड थराथराचा असतो आणि प्रत्येक थराला नाव असतं. तोमाए हा घट्ट विणीचा थर, वस्तऱ्यासाठी आधी तोच बघावा. सुइतामध्ये बारीक छिद्रं असतात आणि तो झपाट्याने कापतो. त्यातही वस्तऱ्याजोगा तुकडा निघतो, पण शोधावा लागतो. पिवळसर किइता, निळसर करडा आसागी, काळे ढग असलेला कारासु ही रंगांची नावं. रंगाला भाव आहे, पण धारेला त्या रंगाशी काही देणंघेणं नाही.

शिक्क्यांचंही तेच. दगडावरचा शिक्का शेवटी शाईचा. ‘शोहोनयामा’ म्हणजे ‘अस्सल मूळ डोंगर’ असा छाप दिसला की किंमत चढते, आणि तो नंतर कुणीही मारू शकतो. नावाचे पैसे द्यायचेच असतील तर आधी दगड वापरून बघा आणि मगच द्या.

आकाराबद्दल. २०५ × ७५ × ३० मिलिमीटरचा पूर्ण दगड सव्वा किलोच्या आसपास भरतो. वस्तऱ्याला एवढ्याची गरज नाही. न्हाव्यांसाठी कापलेला कामिसोरी-तो साधारण १३० × ७५ मिलिमीटरचा, जाडीप्रमाणे अर्धा ते पाऊण किलो. त्याहून स्वस्त म्हणजे कोप्पा, कडा वाकड्यातिकड्या राहिलेला तुकडा. वरची बाजू सपाट असली आणि वस्तरा तिरका ओढायला पुरेशी जागा असली, की कोप्पा धारेत कुठेही कमी पडत नाही. पहिल्या खरेदीला मी तोच घ्यायला सांगतो.

दुकानात शिरल्यावर विचारायचा शब्द आहे ‘तामेशि-तोगि’, म्हणजे घासून बघणं. परवानगी मिळाली की घाई करू नका. आधी कोरड्या दगडावर तिरपा उजेड पाडून रेघा बघा. दिसणाऱ्या रेघांवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ती रेघ धारेलाही अडणार, तो दगड बाजूला ठेवा. नख सरळ घसरलं तर रेघ नुसती दिसण्यापुरती आहे. मग पाण्याचे चार थेंब टाका. लगेच शोषले गेले तर दगड मऊ. थेंब तसेच उभे राहिले तर कडक.

त्यानंतर नागुरा, म्हणजे वरून घासायचा छोटा दगड. सहाणेवर चंदन उगाळावं तसा तो गोल फिरवायचा. दुधासारखं पातळ गंध सुटायला हवं. पंचवीस-तीस फेऱ्यांनंतरही काहीच सुटत नसेल आणि नागुरा काचेवरून सरकल्यासारखा वाटत असेल, तर तो दगड नवशिक्याच्या कामाचा नाही. उलट चार फेऱ्यांत चिखल झाला तर तो स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी ठेवावा.

आता वस्तरा आडवा ठेवा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या, आणि हाताचा भार काढून घ्या. दहा-बारा ओढींत गंध करडं होत जातं, तो पोलादाचा कीस. चांगल्या दगडावर पाणी कमी होत आलं की पातं दगडाला धरून ठेवतं, जणू खालून कुणी हलकेच ओढतंय. ही पकड हाताला समजली की अर्धी निवड झाली. भिंगाखाली धारेलगतच्या उतारावर एकसारखी धूसर झाक दिसावी. त्यात एखादा ठळक ओरखडा असेल, पुसून पुन्हा घासल्यावरही नवा उमटत असेल, तर दगडात भरड कण आहे. तो पुढे सरकत जाईल, संपणार नाही.

विकत घेताना त्याच जातीचा तोमोनागुराही मागा. तो मूळ दगडापेक्षा किंचित मऊ हवा. जास्त कडक असला तर मूळ दगडच खरवडतो आणि गंधात भरड कण येतात. आइचीतल्या मिकावा नागुराचे प्रकार भरडाकडून बारीककडे असे: बोतान, तेनजो, मेजिरो, कोमा. आठ हजारपर्यंत कृत्रिम दगड वापरणाऱ्याला यातला एक कोमा पुरतो, चौघांचा संच घेण्याचं कारण नाही.

घरी आल्यावर दगड आधी हिऱ्याच्या पट्टीवर सपाट करायचा, ४०० नंबरवर आणि मग १२०० वर. पेन्सिलीने जाळी काढा. सगळी पुसली गेली की सपाट झाला. मग तोमोनागुराने पातळ गंध काढून चाळीस-पन्नास हलक्या पुढे-मागे ओढी, दोन्ही बाजूंना सारख्या. दर दहा ओढींनी एक थेंब पाणी, म्हणजे गंध विरत जाईल. शेवटी दगड धुऊन नुसत्या पाण्यावर वीस-पंचवीस तिरक्या ओढी, प्रत्येक ओढीला बाजू बदलत. पातं उलटायचं ते पाठीवरून. धारेवरून उलटलं की आधीची सगळी मेहनत गेली. मग चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास-साठ फेऱ्या.

इथे दोन चुका नेहमी होतात. गंध दाट ठेवलं तर धार त्या कणांवर आपटून बोथट होते. वस्तरा दंडावरचे केस कापतो पण गालावर ओढ बसते. आणि कडक दगडावर नुसत्या पाण्याने फार वेळ घासत राहिलं तर अतिबारीक धारेचे कण तुटतात, दाढी झाल्यावर कातडी चरचरते. दोन्हीवर उपाय एकच: पातळ गंधावर परत या आणि पुन्हा विरळ करत न्या.

हा दगड कधीही पाण्यात बुडवून ठेवू नका, उन्हात वाळवू नका. थरांत पाणी शिरलं की पापुद्रे सुटतात. म्हणून बाजू आणि तळ रोगणाने बंद करायचे, वरचा पृष्ठभाग तेवढा उघडा ठेवायचा. जपानमध्ये यासाठी उरुशीच्या, म्हणजे झाडाच्या चिकाच्या पारंपरिक रोगणाच्या, ऐवजी ‘काश्यू’ नावाचं रोगण सर्रास वापरतात. ते काजूच्या टरफलातल्या तेलापासून बनतं, कोकणात आणि गोव्यात होड्यांच्या लाकडाला चोपडतात त्याच तेलापासून. पातळ तीन हात, दोन हातांमध्ये निदान एक पूर्ण दिवस सुकायला. पावसाळी हवेत दोन दिवस द्या, नाहीतर वरचा हात चिकट राहतो आणि रुमालाची लव त्यात कायमची बसते.