गौरीच्या नावाचं घर

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारा रेल्वेमार्ग घाटशिलेवरूनच जातो. आम्ही जमशेदपूरच्या टाटानगर स्टेशनवर उतरलो आणि तिथून मेमू लोकल पकडली. जमशेदपूरच्या कारखान्यांची धुराडी मागे पडली आणि थोड्याच वेळात लाल माती, सालाची झाडं आणि क्षितिजावर बुटक्या डोंगरांची रांग दिसू लागली. घाटशिला हे झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यातलं छोटं गाव. एका बाजूला सुवर्णरेखा नदी, दुसऱ्या बाजूला तांब्याचा कारखाना. एके काळी कोलकात्याची मंडळी इथे हवापालटासाठी येत. आम्ही आलो ते बंगाली लेखक बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांचं घर बघायला.

स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याला मी हिंदीत पत्ता सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात तो म्हणाला, “गौरीकुंज ना? बसा.”

‘पथेर पांचाली’चा लेखक म्हणून बिभूतिभूषण आपल्याला माहीत असतात, तेही बरेचदा सिनेमामुळे. त्यांच्या आयुष्यात गौरी नावाची कुणी होती हे मला फार उशिरा कळलं. १८९४ सालचा जन्म, वडील कथेकरी, घरात गरिबी. शिक्षण ओढाताणीत झालं. शिकत असतानाच गौरीदेवींशी लग्न झालं आणि जेमतेम वर्षभरात त्या गेल्या. त्यानंतरचा काही काळ त्यांनी जवळजवळ संन्याशासारखा काढला, परलोकविद्येच्या नादी लागले, मेलेल्या माणसांशी बोलता येतं का याचा शोध घेत राहिले. मग गावोगावी मास्तरकी. पुढे एका गोरक्षण सभेचे प्रचारक म्हणून पूर्व बंगाल आणि म्यानमारमधल्या आराकानपर्यंत भटकंती. पहिली कथा ‘प्रबासी’ मासिकात छापून आली ती १९२२ साली. त्यानंतर एका जमीनदारी इस्टेटीच्या नोकरीत ते भागलपूरकडच्या जंगलात जाऊन राहिले. ‘पथेर पांचाली’ तिथे लिहिली. १९२९ साली ती पुस्तकरूपात आली तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठली होती.

घर बैठं आहे, साधं आहे. आत त्यांचे कपडे, पत्रं, फोटो जपून ठेवलेत. आवारात मुलांना बंगाली शिकवणारी ‘अपूर पाठशाला’ चालते. गावात संथाळी, बंगाली, हिंदी सगळंच कानावर पडतं, पण शाळेत बंगाली शिकायची सोय कमी झाली, म्हणून हा खटाटोप. पुतळ्यापेक्षा हे स्मारक मला जास्त आवडलं.

पण मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ती फाटकावरच्या नावापाशी. १९४० च्या डिसेंबरात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, बिभूतिभूषणांनी दुसरं लग्न केलं. रमादेवी, घरातल्या कल्याणी. मधे वीसेक वर्षं गेली होती. या दुसऱ्या संसाराचे कितीतरी दिवस ज्या घरात गेले, त्या घराला नाव पहिल्या बायकोचं.

मी सहा-सात वर्षांची असताना माझी आई गेली. बाबांनी दुसरं लग्न केलं, आणि नव्या आईला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून थोरल्या आत्याने आईचा भिंतीवरचा फोटो उतरवून ट्रंकेत ठेवला. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. नवी आई तर मायाळूच होती. मोठी झाल्यावर तो फोटो तिनेच मला काढून दिला. पण मधली सगळी वर्षं आमच्या घरात आईचं नाव निघालं नाही. नव्याने सुरुवात करायची म्हणजे आधीचं पुसायचं, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. गौरीकुंजाच्या फाटकाशी उभी राहिले तेव्हा मला आत्याचा राग आला नाही. कल्याणीदेवींबद्दल मात्र मनापासून आदर वाटला. त्या नावाच्या घरात त्यांनी संसार केला.

‘पथेर पांचाली’तल्या अपूची पुढची गोष्ट सांगणारी ‘अपराजितो’ ही कादंबरी मी या प्रवासात पुन्हा वाचत होते. अपूची बायको अपर्णा बाळंतपणात जाते. मूल जगतं, पण अपूला त्याचं तोंड बघवत नाही. त्याला आजोळी ठेवून तो मध्य भारतातल्या जंगलात निघून जातो. वर्षांनी परत येतो, मुलाला, काजलला, जवळ घेतो. त्यावरचा सिनेमा, ‘अपूर संसार’, बापलेकांच्या त्या भेटीशी थांबतो आणि आपण डोळे पुसत उठतो. कादंबरी तिथे थांबत नाही. अपू काजलला आपल्या निश्चिंदिपुरात घेऊन येतो, लहानपणीच्या रानूदीदीच्या हाती सोपवतो आणि पुन्हा दूरदेशी निघून जातो. विशीत वाचलं तेव्हा मला हे अजिबात पटलं नव्हतं. आता वाटतं, लेखकाने खोटी समजूत घातली नाही. दुःखाने एकदा घराबाहेर काढलेला माणूस परतला तरी पूर्वीसारखा घरात मावत नाही. अपूला उभं राहायचं बळ चालत राहण्यातूनच मिळतं.

दुपारी फुलडुंगरीवर चढून गेलो. टेकडी लहानशी, सालाची दाट सावली. बिभूतिभूषण इथे येऊन बसत, असं गावातली माणसं सांगतात. ‘आरण्यक’मधला जुगलप्रसाद मला तिथे आठवला: कुठून कुठून वेली आणि फुलझाडं आणून दुसऱ्याच्या मालकीच्या जंगलात लावणारा माणूस. कुणी सांगितलेलं नाही, मोबदला नाही. आणि कादंबरीचा नायक, ज्या सत्यचरणाला हे रान जिवापाड आवडतं, त्याचीच नोकरी ते कुळांना वाटून देण्याची, म्हणजे तोडायची. १९३९ साली आलेली ही कादंबरी सिंहभूमच्या खाणींच्या पट्ट्यात बसून आठवली की फार जवळची वाटते. इथे जे हरवतंय ते एकट्यादुकट्या माणसाचं नाही.

१ नोव्हेंबर १९५० रोजी बिभूतिभूषण याच गावात गेले. मुलगा तारादास तेव्हा तीन वर्षांचा होता. कल्याणीदेवींनी त्याला वाढवलं. तो पुढे लेखक झाला, आणि वडिलांनी अपूची गोष्ट जिथे सोडली होती तिथून त्याने ती पुढे नेली. त्या कादंबरीचं नाव ‘काजल’. बाप दूर गेलेल्या मुलाची गोष्ट, बाप गमावलेल्या मुलाने लिहिलेली. ती मी अजून वाचलेली नाही. मराठीत किंवा हिंदीत कुठे मिळाली तर जरूर कळवा.

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात हा भाग भाजून काढतो. बुरुडी तलाव आणि धारागिरीचा धबधबा बघायचा तर एक मुक्काम जास्त ठेवा. आणि ‘अपराजितो’ आधी वाचून जा, मग गौरीकुंजात या.