परतीचं नंतर बघू

मंगळावर पाठवतो, अट एकच, परत यायचं नाही. जाल का? 2012 साली नेदरलँड्समधल्या 'मार्स वन' नावाच्या कंपनीनं जगाला हे खरोखर विचारलं होतं. हजारोंनी अर्ज भरले. 2015 मध्ये त्यातले 100 जण निवडले गेले आणि 2019 मध्ये कंपनीचंच दिवाळं वाजलं. यान काही उडालं नाही. प्रश्न तेवढा मागं राहिला, आणि परवा सांगली जिल्ह्यातल्या आमच्या विट्यात रात्रीची जेवणं आटोपून आम्ही गच्चीवर बसलो असताना भाच्यानं तो माझ्यापुढं टाकला. "मामा, तू जाशील?"

तिथं पाणी नाही, हे कारण आमच्याकडं चालत नाही. खानापूर-आटपाडीच्या माणसाला कोरड्या जागेची भीती घालू नये. टेंभू उपसा योजनेचं पाणी येईस्तोवर टँकरमागं घागरी घेऊन पळण्यातच आमच्या पिढीचं बालपण गेलं. मंगळाच्या ध्रुवांवर निदान बर्फ तरी आहे. अंतराळ स्थानकात घाम आणि लघवीसुद्धा गाळून पुन्हा प्यायचं पाणी करतात, हे मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर वहिनी म्हणाली, "त्यात काय, आम्ही आंघोळीचं पाणी भांड्याला आणि भांड्याचं केळीला घालत होतोच की."

बाकीचे हिशेबही तसे फायद्याचेच. ऐंशी किलोचा मी तिथं काट्यावर तीसच्या आसपास भरेन. दिवस 24 तास 39 मिनिटांचा, म्हणजे सकाळी लोळायला वरकड वेळ. वर्ष मात्र 687 दिवसांचं. यात्रेची एवढी वाट बघायची म्हणजे जरा अतिच.

खरी अडचण फोनची. पृथ्वी आणि मंगळ जवळ असतील तर आवाज पोचायला तीनेक मिनिटं, लांब असतील तर बावीस. म्हणजे काही विचारलं की उत्तर कधी सहा मिनिटांनी, कधी पाऊण तासानं. आमच्या आईला याचा फारसा फरक पडणार नाही. तिचा फोन पावसापासून सुरू होतो, मग कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, डाळिंबाला काय भाव लागला, असं करत 'बरं, ठेवते' वर येतो. मध्ये समोरच्यानं बोलावं अशी तिची अपेक्षाच नसते. फक्त एक प्रश्न ती उत्तरासाठी विचारते. "जेवलास का?" आणि 'हो' ऐकल्याशिवाय ठेवत नाही. पाऊण तास ती फोन कानाला लावून उभी राहील, याची मला खात्री आहे.

सन 1977 मध्ये सुटलेली दोन व्हॉयेजर यानं अशीच परतीविना निघालीत. त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत 55 भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे, आणि केसरबाई केरकरांची भैरवीही. मैफल संपवायचा राग घेऊनच निघालेत म्हणायचं. पण यंत्राला गावाकडं कुणी वाट बघणारं नसतं. 1957 साली स्पुटनिक-2 यानातून गेलेल्या लायका कुत्रीला तर कुणी विचारलंही नव्हतं. अर्ज भरून, सही करून जाणं हे माणसाचंच काम.

आणि त्या कामात आमचा तालुका काही मागं नाही. इथल्या घराघरातला कुणी ना कुणी गलाईच्या धंद्यात परमुलखात आहे. सराफाकडचं मोडीचं सोनं, दुकानाच्या झाडलोटीतली धूळसुद्धा, मुशीत घालून वितळवायचं, तेजाबानं शुद्ध करायचं. माझे काका मिसरूड फुटायच्या आधी एका पाहुण्याबरोबर कोइमतूरला गेले. दोन वर्षं काढून येतो, म्हणाले होते. आता त्यांची नातवंडं तमिळमध्ये भांडतात. गावात मात्र काकांनी दुमजली घर बांधलंय, ग्रॅनाइटची फरशी, उंच लोखंडी गेट. वर्षातले बहुतेक दिवस त्याला कुलूप. यात्रेला चार दिवस उघडतं, लग्नकार्याला दोन. यंदा ते आणखी एक मजला चढवायला आलेत. कुणासाठी, असं विचारलं की म्हणतात, "म्हातारपणी यायचंच हाय की." काका सत्तरीचे आहेत.

गच्चीवर तेही होते. भाच्यानं त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "तितं सोनं हाय का?" मी म्हटलं, लोखंडाचा गंज आहे, म्हणून तर तो तांबडा दिसतो. "मग कशाला जायाचं?" विषय संपला.

माझा मात्र तिथं संपला नाही. काकांना परत येणं कधी जमलं नाही, पण येता येईल या भरवशावर त्यांनी सगळा जन्म बाहेर काढला. त्या डच कंपनीनं नेमका तोच भरवसा काढून घेतला होता. खरं बोलायची खोड, दुसरं काय. म्हणून माझं उत्तर सध्या नाही असंच आहे. पुढच्या कंपनीनं परतीचं नक्की आहे, फक्त तारीख नंतर कळवू, एवढं तिकिटावर छापावं. मग मी बॅग भरेन, आणि विट्यातून दोन गाड्या भरतील एवढी माणसंही निघतील. काका तर तिथून वर्गणी पाठवून यात्रेत नाव पुकारायला लावतील.