खिडकी बुजवायची नाही, आडोसा करायचा

‘शेजाऱ्याचा त्रास थांबला पाहिजे’ इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. भांडण जुंपतं ते ‘कसा आणि कुठवर’ यावर, आणि इस्लामी फिक्हचं, म्हणजे धर्मकायद्याच्या शास्त्राचं, बळ मला नेमकं तिथे दिसतं.

‘ला जरर व ला जिरार’ ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, इब्ने माजाच्या हदीससंग्रहात आणि इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या ग्रंथात आहे: नुकसान करू नये, नुकसानीला नुकसानीनं उत्तर देऊ नये. उस्मानी (ऑटोमन) साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी पंथाच्या फिक्हवर बेतलेली ‘मजल्ला’ ही दिवाणी संहिता तयार झाली. तिच्या १९व्या कलमात हेच वाक्य आहे. २०वं सांगतं, नुकसान दूर करावं. बहुतेक जण एवढंच पाठ करतात. पण २५वं सुटलं की सगळा न्याय बिघडतो: एक नुकसान तशाच दुसऱ्या नुकसानीनं दूर होत नाही.

नागपूरच्या मोमिनपुऱ्यासारख्या दाट वस्तीत वरचा मजला चढवला आणि नवी खिडकी थेट शेजारच्या अंगणावर उघडली, असं समजा. बायका वावरतात ते अंगण, स्वयंपाकघर, विहिरीचा काठ दिसणं हे मजल्लात गंभीर नुकसान आहे (कलम १२०२). उपाय? भिंत किंवा फळ्यांचा आडोसा. खिडकी पूर्ण बुजवायची सक्ती करता येत नाही, कारण नजर अडली की त्रास संपला. उजेडही हिरावला तर नवा अन्याय. खिडकी माणसाच्या उंचीहून वर असेल तर ‘शिडी लावून डोकावेल’ या नुसत्या शंकेवर ती बंद करायला लावता येत नाही. उलट, शेजाऱ्यानं भिंत उभारून खोलीचा उजेड इतका अडवला की आत अक्षर वाचता येईना, तर तेही गंभीर नुकसान. नुसती हवा किंवा देखावा अडला तर मात्र नाही.

मे महिन्यात नळाचं पाणी बारीक होतं. एकानं टुल्लू पंप लावून लाइन ओढली की दुसराही लावतो. दुसऱ्याचं ‘त्यानं लावला म्हणून’ हे कारण फिक्हमध्ये टिकत नाही. शेवटच्या घरात थेंब पोचत नाही, आणि त्या घरानं कुणाचंच काही बिघडवलेलं नसतं.

जुनेपणाचं काय? सातवं कलम म्हणतं, नुकसान जुनं झालं म्हणून हक्क ठरत नाही. पण लोहाराच्या भट्टीशेजारी कुणी मागाहून घर बांधलं, तर भट्टी बंद करा असं त्याला म्हणता येत नाही. स्वतःचा बचाव त्यानंच करायचा.

भारतात असे वाद मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात येत नाहीत. १८८२चा सुखाधिकार कायदा (दुसऱ्याच्या जागेवरून उजेड, वाट असे हक्क ठरवणारा) सुरुवातीला ज्या मोजक्या प्रांतांत लागू झाला त्यांत मध्य प्रांत, म्हणजे नागपूरही होतं. उजेडाचा हक्क सांगायचा तर त्यात २० वर्षांचा अखंड, बिनविरोध वापर दाखवावा लागतो. कोर्टात हे चालेल. मोहल्ल्यात समेटाला बसताना मात्र आधी २५वं कलम वाचावं, मग टेप घेऊन आडोशाची उंची मोजावी.